चौदा नंबरची फरसबी

काकूंचं पोट पाच दिवस साफ झालं नव्हतं. गोष्टीची सुरुवात अशी करणं शोभत नाही, कबूल. पण खरी सुरुवात तिथूनच आहे, आणि शोभेसाठी दुसरीकडून सुरू केली तर पुढे सगळंच खोटं सांगत बसावं लागेल. शिवाय पोट कुणाला नाही?

काकू म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या. वय अठ्ठावन्न, नोकरी तेहतीस वर्षांची. सख्खा पुतण्या एकही नाही, पण पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या काकू. सकाळी सातला यायचं, केस टोपीखाली कोंबायचे आणि चारपर्यंत जे समोर येईल ते चिरायचं. गाजर, कोबी, पालक, भोपळा, फरसबी. मध्ये एकदा चिरायचं यंत्र आणलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी गाजराचा भुगा केला आणि पालकाचं काय केलं ते सांगायला नको. तेव्हापासून ते कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवलंय आणि काकू येता-जाता त्याच्याकडे असं बघतात, की यंत्राला लाज असती तर ते स्वतःहून निघून गेलं असतं.

घरी मात्र काकू सुरीला हात लावत नसत. हा नियम त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, घालून दिलेला. "दिवसभर तेच करतेस. घरात पाय ठेवलास की तुझे हात सुटीवर. इथलं मी बघेन." दोघीही लग्नावाचून राहिलेल्या. दोन खोल्यांत सव्वीस वर्षं एकत्र काढली. ताई घरी शिवणकाम करायची, बरोब्बर साडेसहाला गरम जेवण वाढायची आणि जेवताना अखंड बोलायची. समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं, कुणाच्या ब्लाउजचं माप वर्षात दोन इंच वाढलं, सगळं. काकू ऐकायच्या आणि खायच्या. ऐकता ऐकता आपण किती भाजी खाल्ली याचा त्यांना कधी पत्ताच लागला नाही.

मागच्या वर्षी ताई आठ दिवसांच्या तापात गेली. त्यानंतर काकूंच्या घरात चूल पेटायची ती चहापुरती. पाव, बिस्किटं, दूध, फार तर एखादं उकडलेलं अंडं. तेही उभ्या उभ्या, ओट्याशी. टेबलावर एकच ताट मांडायचं त्यांच्या जिवावर यायचं. दिवसभर भाजीत हात आणि पोटात पाव, असा सगळा उफराटा कारभार. पोट बिचारं किती दिवस गप्प बसणार?

हॉस्पिटलात रोग्यांचा आहार ठरवणाऱ्या एक बाई होत्या. वयाने काकूंच्या निम्म्या, पण हुशार. स्वयंपाकघरात त्यांना सगळे 'आहारबाई' म्हणायचे. एके दिवशी काकूंनी त्यांना कोबीच्या ढिगाआड गाठलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक ओळखीची बाई आहे माझ्या. तिला पाच-पाच दिवस होत नाही. काय करावं तिनं?"

आहारबाईंनी रोग्यांच्या आहाराच्या चिठ्ठ्यांमधून मान वर केली. "खाते काय ती?"

"पाव. बिस्किटं."

"आणि भाजी?"

"भाजी..." काकूंनी समोरच्या कोबीकडे पाहिलं. "भाजी बघते ती भरपूर."

आहारबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग समजावून सांगितलं. भाजीत जो चोथा असतो ना, तो आपल्याला पचत नाही, आणि पचत नाही हेच त्याचं काम. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ ठेवतो, आतड्याला ढकलायला काहीतरी देतो. आतड्यात बारीक जंतू राहतात, चांगले, आपलेच. त्यांचं जेवण म्हणजे हा चोथा. त्यांना उपाशी ठेवलं तर तेही काम सोडून बसतात. "पण तिला सांगा, एकदम बदाबदा खाऊ नकोस. रोज थोडं थोडं वाढव आणि पाणी पी. आणि काकू, वेळ बांधून जेवायला सांगा तिला. पोटाला वेळ कळते. शिवाय, जमलं तर एकटीने जेवू नये. एकटं माणूस स्वतःसाठी भाजी चिरत बसत नाही, हे मी रोज बघते."

"बरं, सांगते तिला," काकू म्हणाल्या. कुणाबरोबर जेवायचं ते मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि आहारबाईंनाही ते सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी काकूंनी काय करावं? थोडं थोडं हे शब्द त्या विसरल्या आणि अर्धा कोबी कच्चाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी पोटात जो गोंधळ उडाला, त्याचं वर्णन मी करत नाही. आचारीबुवा, म्हणजे तिथले मुख्य स्वयंपाकी, काकूंपासून चार हात लांब उभे राहून मीठ घालत होते एवढंच सांगतो.

त्याच आठवड्यात आहारबाईंनी स्वयंपाकघरात एक नवं काम लावलं. ज्या रोग्यांच्या खाण्यावर लक्ष ठेवायचंय त्यांच्या ताटाला लाल पट्टी. ती ताटं परत आली की उरलेलं अन्न काट्यावर ठेवायचं आणि वहीत पलंगाचा नंबर घालून लिहायचं. दुपारची ताटं काकूंनी तोलायची, संध्याकाळची दुसऱ्या पाळीतल्या बाईंनी. आचारीबुवा कुरकुरले, "आता उष्ट्याचंही वजन." पण काकूंना ते काम आवडलं. तेहतीस वर्षं त्यांनी चिरलेली भाजी लिफ्टमधून वर गेली होती. तिचं पुढे काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

लाल पट्टीच्या ताटांमध्ये पलंग चौदाचं ताट होतं. त्याची भाजी जशीच्या तशी परत आली. तसं ते नवीन नव्हे, हॉस्पिटलची भाजी म्हटल्यावर माणसं तोंड वाकडं करतातच. पण काकूंची नजर ताटाच्या कडेवर गेली. तिथे फरसबीचे तीन तुकडे ओळीने ठेवलेले होते. चावून, रस घेऊन, नीट बाहेर काढून ठेवलेले. तिन्ही तुकड्यांतून शिरेचा दोरा बाहेर आलेला.

"याला खायचंय," काकू म्हणाल्या.

"कुणाला?" आचारीबुवा.

"चौदाला. खायचंय त्याला. शीर दातात अडकतेय. फेकून नाही दिलं बघा, ठेवलंय कसं ओळीने."

त्यांनी आहारबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, म्हातारे गृहस्थ आहेत, लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको नाही, एकटे राहतात. वर्ष-दोन वर्षं चहा-पावावर काढली आणि आतडं पार ठप्प झालं, तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून आणलं. आता मोकळं केलंय, पण औषधावर किती दिवस चालवणार. दोन आठवडे बघणार आहेत. नेमाने खायला लागले, पोट आपलं आपण चालायला लागलं, तर घरी. नाहीतर म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळतात त्या मुक्कामाच्या केंद्रात पाठवतील. "आणि तिथे गेलेलं माणूस स्वतःच्या घरी परत जातं असं क्वचितच होतं हो, काकू. ते तर रोज एकच विचारतात, घरी कधी."

चहा-पाव. काकूंच्या घरीही वर्षभर तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौदा नंबरसाठी मूठभर फरसबी वेगळी काढली. दोन्ही बाजूंच्या शिरा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढल्या, शेंगा तिरक्या आणि नखाएवढ्या चिरल्या, त्यात गाजराचे तेवढेच तुकडे घातले. हे सगळं एका जाळीच्या डब्यात घालून तो डबा मोठ्या पातेल्यातच उकळायला सोडला, म्हणजे चव सगळ्यांचीच. सगळी फरसबी अशी का नाही चिरायची, असं कुणी विचारेल. चाळीस किलोंच्या शिरा काढत बसलं तर रोगी बरे होऊन घरी जातील, पण दुपारचं जेवण काही तयार होणार नाही. हे एकाच माणसासाठी होतं. कुठल्या चिठ्ठीवर नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळच्या ताटासाठीही त्या एक वाटी भरून, झाकून, वर खडूने १४ लिहून जायच्या.

अर्धी भाजी संपली. तिसऱ्या दिवशी पाऊण.

त्या संध्याकाळी काकूंनी घरी जाताना पाव घेतलाच नाही. पाव किलो फरसबी घेतली, दोन गाजरं घेतली. ओट्याखालच्या खणात ताईची सुरी होती. बोथट, मूठ सैल झालेली, हिने ताई सव्वीस वर्षं कशी चिरत होती कोण जाणे. काकूंनी पहिली शीर ओढली आणि त्यांना रडू फुटलं, आणि समोर कांदाही नव्हता निमित्ताला. ताईची आठवण त्यांना रोज यायची, पण ती इतके दिवस घरभर पसरलेली होती. आज ती एका जागी, सुरीच्या मुठीवर सापडली. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि उरलेल्या शेंगा चिरल्या. वाट बघणारं कुणीतरी होतं ना.

वरच्या मजल्यावर संध्याकाळचं जेवण साडेसहाला वाटतात. काकूंनी साडेसहाला टेबलावर ताट मांडलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बसल्या. पहिला घास घेतला. मनात म्हणाल्या, घ्या, चौदा नंबर, सुरू करा.

आता याला वेड म्हणायचं तर म्हणा. एक बाई आपल्या घरात बसून, कधी न पाहिलेल्या माणसाबरोबर, तेच जेवण त्याच वेळी जेवते आणि त्याला सांगते की गाजर आज जरा गोडच आहे. पण वर्षभर ओट्याशी उभं राहून पाव चावलेल्या माणसाला विचारा. काकूंनी तर त्याला पुरता घडवला होता. जाड भुवया, कमी बोलणं, हाताला ग्रीसचा वास. तो ऐकणारा होता. मग बोलायचं काम काकूंकडे आलं, आणि त्यांना कळलं की आपल्याला बोलताही येतं. आचारीबुवा मिठाचा हात कसा सैल सोडतात, ते यंत्र अजून कसं कोपऱ्यात बसलंय, सगळं त्या सांगायच्या. सांगता सांगता वाटी संपायची.

पाचव्या दिवशी चौदा नंबरचं ताट लख्ख रिकामं आलं. नुसतं रिकामं नव्हे, पावाने पुसून घेतलेलं. काकूंनी ते आचारीबुवांच्या नाकासमोर धरलं. "बघा."

"अहो, लग्न लावून द्यायचं का तुमचं त्या ताटाशी?" आचारीबुवा म्हणाले.

"तुमच्या हातच्या मिठाशी लावण्यापेक्षा बरं," काकू म्हणाल्या, आणि वहीत शून्य लिहिलं. असं गोल, टपोरं शून्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी शून्य. सातव्या दिवशी शून्य. आणि इकडे काकूंचं पोटही रुळावर आलं. आधी दोन दिवसांनी, मग रोज सकाळी, घड्याळ लावल्यासारखं. पावाची वासनाच गेली. दुपारी चार वाजता बिस्किटाचा डबा उघडायची सवय होती, तो डबा कुठे ठेवला तेही आठवेना. संध्याकाळी सहा-सव्वासहाला खरी, कडकडीत भूक लागायची. चेहऱ्यावर तजेला आला. पहारेकरी म्हणाला, काकू, कुठे हवापालट करून आलात की काय. आहारबाईंना हे सगळं सांगावं असं फार मनात होतं, पण त्या घरच्या कामासाठी आठ दिवस रजेवर गेल्या होत्या.

लाल पट्टीची आणखीही ताटं यायची. त्यातलं एकतीस नंबरचं म्हणजे नुसता वैताग. जवळजवळ भरलेलं यायचं. काकू ते काट्यावर उपडं करायच्या, दोनशे दहा, दोनशे तीस, दोनशे चाळीस असं लिहायच्या आणि "काय एकेक नखरे" म्हणून डब्यात ढकलायच्या. त्यांना घाई असायची. चौदाचं ताट बघायचं असायचं ना.

आहारबाई रजेवरून परतल्या त्या सोमवारी. काकू त्यांची वाटच बघत होत्या. वही घेऊन पुढे झाल्या. "चौदा नंबर बघा. सगळी शून्यं. आता सोडा म्हणावं त्यांना घरी."

आहारबाईंनी वही पाहिली. मग काकूंकडे पाहिलं. "चौदाला कोण आहे माहितेय ना तुम्हाला?"

"लिफ्टवाले."

"अहो, चौदाला पाय मोडलेला एक धट्टाकट्टा गडी आहे. ट्रक चालवतो. त्याचं पोट उत्तम आहे, तो पलंगसुद्धा खाईल. त्याच्या ताटाची लाल पट्टी काढायची राहून गेली वाटतं." त्या पानं मागे उलटत गेल्या. "लिफ्टवाल्यांना मागच्या सोमवारी एकतीसला हलवलं. खोकत होते रात्रभर, म्हणून बाजूच्या खोलीत. त्यांच्या आहाराची चिठ्ठी त्यांच्याबरोबर बरोबर गेलीय की. मऊ, चोथा जास्त. हे बघा."

चिठ्ठी बरोबरच गेली होती. कागदावर होतं ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं होतं. शिरा काढणं कागदावर नव्हतं. ते फक्त काकूंच्या हातात होतं, आणि काकूंचे हात चौदा नंबरला चिकटून राहिले होते.

त्या स्टुलावर बसल्या. एकतीस. दोनशे दहा, दोनशे तीस, दोनशे चाळीस. अक्षर त्यांचंच. रोज ते ताट त्यांनी स्वतःच्या हाताने उपडं केलं होतं. कडेला चावून ठेवलेले तुकडे असतील का? असतीलच. बघितलं कुणी?

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळीच ठरलं काकू. मी येण्याआधीच. वहीतले आकडे बघून सही झाली. उद्या सकाळी केंद्राची गाडी येतेय."

"पण चूक माझी आहे. सांगा ना त्यांना."

"सांगते. मी आत्ता जाऊन सांगते. पण आठवडाभर माणूस जेवलेलं नाही, हे तर खरंच आहे ना?" आहारबाईंचा आवाज खाली आला. त्या गेल्या, आणि वीस मिनिटांनी नकारार्थी मान हलवत परत आल्या.

काकूंनी तोवर फरसबी चिरून ठेवली होती. एकही शीर राहू दिली नाही. वाटी झाकली, टोपी काढली, केस सारखे केले आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्या लिफ्टने वॉर्डात गेल्या.

एकतीस नंबरच्या खोलीत एकच पलंग होता. त्यावर एक किडकिडीत म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. भुवया होत्याच कुठे? होत्या त्या चार पांढऱ्या काड्या. काकूंनी मनात घडवलेल्या माणसाशी याचा काडीचा संबंध नव्हता. क्षणभर त्यांना परत फिरावंसं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"मी खालून आलेय. स्वयंपाकघरातून. भाजी चिरते मी."

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. काकूंनी वाटीवरचं झाकण काढलं. त्याने चमचा घेतला, एक तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, सगळ्या बाजूंनी बघितला. मग तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"तुम्ही होय ते," तो म्हणाला. "पहिल्या काही दिवसांत ओळखलं होतं मी. सगळे तुकडे एका मापाचे. म्हटलं, खाली कुणीतरी कामाचं माणूस आहे. माझ्यासाठी वेगळं चिरतंय. म्हणून खात होतो."

"हो."

"मग सोडून दिलंत. मला वाटलं, बरोबर आहे, कुणी किती दिवस करणार. मग मीही सोडून दिलं."

काकूंना वाटलं, यापेक्षा याने ओरडावं. "सोडलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इकडे आलात ते मला कळलं नाही. मी रोज चौदालाच पाठवत राहिले. तुमची भाजी तो ट्रकवाला खात होता."

"त्याचं पोट चांगलं असेल मग."

"उत्तम आहे म्हणे."

तो हसला, खोकला, आणि आणखी दोन चमचे खाल्ले. त्याहून जास्त गेलं नाही. आठ दिवस न वापरलेलं पोट एका वाटीने कसं उघडणार? पाठीला उशी लावून देताना काकूंना त्याची हाडं हाताला लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. काकूंनी रात्रीच एका कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं आणि आहारबाईंनी तो कागद त्याच्या फाइलला वरच टाचून दिला. 'तिथल्या चिरणाऱ्या बाईंना किंवा दादांना. यांच्या फरसबीच्या दोन्ही शिरा काढाव्यात. नखाएवढे तिरके तुकडे. पालकाचे देठ घालावेत पण कुटून. रोज थोडं वाढवावं. पाणी आठवणीने द्यावं. ताट परत आलं की कड बघावी.' खाली सही करायची वेळ आली तेव्हा काय लिहावं ते त्यांना कळेना. मग लिहिलं, 'चूक झालेली, भाजी चिरणारी.'

कागदाचं उत्तर आलं नाही. येणार कसं, तो काही पत्रव्यवहार नव्हता. काकू दर सुटीला म्हणायच्या, जाऊन बघून यावं. आणि दर सुटीला चादरी धुवायला काढायच्या. खरं सांगायचं तर त्या घाबरत होत्या. तो न जेवता आणखी वाळला असेल तर कुठल्या तोंडाने समोर उभं राहायचं? साडेसहाला त्या अजूनही जेवायच्या, भाजी चिरून, टेबलाशी बसून. बोलणं मात्र बंद झालं होतं. ज्याच्याशी बोलायच्या तो असा कुणी नव्हताच, आणि जो होता त्याला त्यांनी उपाशी ठेवलं होतं. बाराव्या-पंधराव्या घासाला कधी कधी हात थांबायचा. पण पोट थांबू द्यायचं नाही. त्याला आता लागतच होतं.

पाचव्या सुटीला त्या गेल्याच. डब्यात फरसबी घेतली, चांगली दोघांपुरती, आणि दोन बस बदलून केंद्रावर पोचल्या. सहा वाजत आले होते. लांबलचक खोलीत टेबलं मांडलेली, एकेका टेबलाशी दोन-दोन म्हातारी माणसं. तो म्हातारा लिफ्ट-मिस्त्री खिडकीशी बसला होता. बाजूला धरून चालायची चौकट. गालावर थोडं मांस आलेलं. समोर ताट, आणि तो जेवत होता.

काकूंनी ताटात पाहिलं. फरसबी. नखाएवढी, तिरकी, एका मापाची. शिरेचा मागमूस नाही.

"या, बसा," त्याने लगेच ओळखलं. "इथल्या बाईही चांगल्या आहेत हाताच्या. पहिल्या दिवसापासून. तुमच्याहून अंमळ बारीकच चिरतात, राग मानू नका."

"राग कसला," काकू म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. डबा पिशवीतच राहिला. "मग आता घरी?"

"पुढच्या महिन्यात. पण माझ्या घरी नाही. पुतणीकडे, तिच्या गावी." त्याने चौकटीकडे बोट दाखवलं. "इतके दिवस आडवा पडून पाय गेले. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः राहिलो जिन्याच्या घरात. खोली सोडून दिली मी. किल्ली गेली परवाच."

काकूंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, कारण न म्हणता त्यांना तिथून उठता आलं नसतं, "ते वजन मी लिहीत होते. तुमच्या उरलेल्या भाजीचं. एकतीस नंबर. ते बघूनच तुम्हाला इथे पाठवलं. तो आठवडा तुम्ही जेवला असता तर घरी गेला असता."

मिस्त्रीने चमचा खाली ठेवला.

"वजन बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"मग झालं," तो म्हणाला. त्याने चमचा परत उचलला आणि उरलेली भाजी सावकाश संपवली. काकूंनी शेवटच्या घासापर्यंत बघितलं. तेहतीस वर्षांत आपल्यासमोर कुणी जेवताना त्यांनी पाहिलं ते ताईला, आणि आता याला. भाजी तेवढी त्यांच्या हातची नव्हती.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. तो म्हणाला, या परत, पण पुढच्या महिन्याच्या आत. त्या हो म्हणाल्या. येणार की नाही हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

बस थांब्यावर बाकावर त्यांना जागा मिळाली. समोरून गाड्या जात होत्या, माणसं घरी निघाली होती. एका माणसाला त्यांनी त्याच्या घरातून उठवलं होतं, आणि तो जेवायला लागला होता, आणि यातलं दुसरं खरं असल्याने पहिलं काही खोटं होत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटत होतं. इतकं की आता जेवण जाणारच नाही असं त्यांना वाटलं. तेवढ्यात साडेसहा वाजले आणि पोटात कळ उठली, साधी, रोजची, भुकेची. काकूंनी पिशवीतून डबा काढला, मांडीवर उघडला आणि दोघांपुरती आणलेली फरसबी, गार झालेली, एकटीने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.